राजीखुशीने व अक्कलहुशारीने

दहा-अकरा वर्षं झाली असतील. रविवारची सकाळ होती. वरच्या मजल्यावरच्या काकांचा धाकटा मुलगा दारात आला आणि म्हणाला, "ताई, पाच मिनिटं वर येता का? बाबांच्या कागदावर साक्षीदाराची सही हवीय." मी बँकेतून नुकतीच निवृत्त झाले होते. सह्या, साक्षी, शिक्के हा तीस वर्षांचा रोजचा व्यवहार, त्यामुळे नाही म्हणायचं मनातसुद्धा आलं नाही. वर गेले. काका पलंगावर उशांना टेकून बसले होते. समोरच्या बिल्डिंगमधले एक गृहस्थ दुसरे साक्षीदार म्हणून आधीच येऊन बसलेले. टीपॉयवर टाइप केलेलं सहा पानी मृत्युपत्र आणि शेजारी निळं स्टॅम्पपॅड. सून चहा घेऊन आली. "बाबांनी सगळं वाचलंय," मुलगा म्हणाला. मी काकांना विचारलं, "काका, ठीक आहे ना सगळं?" काकांनी आधी मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मान हलवली. पक्षाघातानंतर त्यांचा उजवा हात चालत नव्हता. मुलानं डावा अंगठा धरून पॅडवर टेकवला, मग कागदावर. आम्ही दोघांनी सह्या केल्या. पोह्यांचा आग्रह झाला, तो मोडून मी खाली आले.

सहा वर्षांनी मी दिवाणी न्यायालयात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी होते. काका गेले होते आणि त्यांच्या मुलीनं मृत्युपत्राला हरकत घेतली होती. तिच्या वकिलांनी आवाज चढवला नाही की उलटसुलट फिरवलं नाही. साधे प्रश्न विचारले. मजकूर तुमच्यासमोर वाचून दाखवला का? नाही. त्या वेळी त्यांच्या डोळ्यांवर चष्मा होता का? मला तो चष्मा स्वच्छ आठवत होता. टीव्हीच्या कपाटावर, घडी घालून ठेवलेला. नाही. मुलगा खोलीबाहेर असताना तुम्ही त्यांच्याशी काही बोललात का? नाही.

खरी उत्तरं देताना एवढी शरम मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. आणि कायद्याच्या दृष्टीनं पाहिलं तर मी काहीच चुकले नव्हते. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५. त्याच्या कलम ६३ प्रमाणे मृत्युपत्र करणाऱ्यानं सही किंवा अंगठा करायचा, तो करताना दोन साक्षीदारांनी पाहायचा किंवा त्यानं तो आपलाच आहे असं त्यांना सांगायचं, आणि साक्षीदारांनी त्याच्यासमोर सह्या करायच्या. साक्षीदारानं मजकूर वाचला पाहिजे असं त्यात नाही. दोघं एकाच वेळी हजर पाहिजेत असंही नाही. करणाऱ्याला एकट्यात गाठून "हे तुमच्या मनातलं आहे ना?" असं विचारावं, हे तर कुठेच नाही.

तो दावा पुढे तडजोडीत मिटला, फ्लॅट विकून पैसे वाटून घेतले गेले. भावाबहिणीचं बोलणं बंद झालं ते आजही बंद आहे. काकांच्या मनात खरंच काय होतं, ते त्या घरातल्या कुणालाच आता कळणार नाही. कदाचित धाकट्यालाच सगळं द्यायचं असेल त्यांच्या मनात. त्यानं केलंही होतं त्यांचं. मी त्याला खोटा ठरवत नाही. मला छळतं ते एवढंच, की ते विचारून घ्यायला मी त्या खोलीत होते आणि मी विचारलं नाही.

आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक मृत्युपत्रात एक वाक्य असतं: "मी हे मृत्युपत्र राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवीत आहे." काकांच्याही होतं. हे वाक्य करणारा माणूस लिहीत नाही. वकील किंवा टायपिस्ट लिहितो, आणि तो ते सर्वांसाठी तेच लिहितो. ज्याच्या डोक्याशी कुणी उभं नव्हतं त्याच्याही कागदावर ते असतं, आणि ज्याला आठवडाभर जेवताना ताटावरून बोलणी बसली त्याच्याही. दडपण नव्हतं असं ज्या कागदावर लिहिलं आहे तो कागदच दडपणाखाली झाला असेल, तर त्या वाक्याची किंमत काय?

मृत्युपत्राच्या खटल्याची अडचण साध्या मालमत्तेच्या खटल्यापेक्षा वेगळी आहे. ज्याला सगळं ठाऊक होतं, तो मुख्य साक्षीदार हयात नसतो. १९५८ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं वेंकटाचल अय्यंगार खटल्यात निकाल दिला, त्यात नेमकी ही गोष्ट मांडली आहे. हा निकाल लिहिला गजेंद्रगडकरांनी, साताऱ्यात जन्मलेल्या आणि पुढे देशाचे सरन्यायाधीश झालेल्या. हे मृत्युपत्र माझं की नाही, हे सांगायला करणारा आता या जगात नाही, म्हणून न्यायालयानं ते अधिक गांभीर्यानं तपासायचं, असा त्याचा गाभा. सही थरथरती असेल, करणाऱ्याची बुद्धी क्षीण झाली असेल, जवळच्या माणसांना काही कारण न देता वगळलं असेल, किंवा ज्याला मोठा फायदा होतोय त्यानंच मृत्युपत्र करवून घेण्यात पुढाकार घेतला असेल, तर या संशयास्पद गोष्टींचा उलगडा मृत्युपत्र पुढे करणाऱ्यानं करायचा. न्यायालयाच्या सद्सद्विवेकाचं समाधान झालं पाहिजे. पुढे १९७६ मध्ये जसवंत कौर खटल्यात न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी याच धाग्यावर सांगितलं, की मृत्युपत्रावर संशयाचं सावट असेल तर तो वादी-प्रतिवादींचा साधा सामना उरत नाही. साठहून अधिक वर्षं आपली न्यायालयं याच वाटेनं चालत आली आहेत. न्यायाधीशांना हे कळत नाही असं मुळीच नाही. ते या खोलीत पोचतात, पण माणूस गेल्यावर पाच, दहा, वीस वर्षांनी.

कायदा दडपणाला काय म्हणतो, ते एकदा मुळातून वाचण्यासारखं आहे. त्याच उत्तराधिकार कायद्याचं कलम ६१ सांगतं, की फसवणुकीनं, जबरदस्तीनं, किंवा माणसाची स्वतःची इच्छाच उरणार नाही इतका पिच्छा पुरवून घेतलेलं मृत्युपत्र रद्द. आपल्याकडच्या जुन्या कायद्यांची एक चांगली पद्धत होती, ते उदाहरणं देतात. एका उदाहरणात एक जण दुसऱ्याकडून काही मिळावं म्हणून त्याची सरबराई करतो, गोडगोड बोलतो, आणि तो भुलून त्याच्या नावे काही लिहून ठेवतो. कायदा म्हणतो, हे चालेल. दुसऱ्यात शुद्धीवर असलेल्या माणसाला कुणी कळकळीनं गळ घालतो आणि तो स्वतःच्या विचारानं तसं मृत्युपत्र करतो. तेही चालेल. आणि तिसऱ्यात एक माणूस प्रकृतीनं खंगलेला आहे, दुसरा त्याच्या मागे सारखा लागतो, आणि तो केवळ कटकट संपावी म्हणून, डोक्याला शांतता मिळावी म्हणून मान तुकवतो. हे मृत्युपत्र रद्द.

डोक्याला शांतता मिळावी म्हणून. सगळी मेख या चार शब्दांत आहे. एकोणिसाव्या शतकातल्या एका इंग्रज न्यायाधीशानं म्हटलं होतं, की मृत्युपत्र करणाऱ्याला वाट दाखवावी, हाकलत नेऊ नये. हा फरक ऐकायला सोपा वाटतो. घरात तो ओळखणं भयंकर अवघड असतं, कारण आपल्याकडे हाकलणं हे हाकलण्यासारखं दिसतच नाही. कुणी पिस्तूल रोखत नाही. दडपण चहाच्या कपातून येतं. "तुमच्या लेकीनं दिवाळीत फोन तरी केला का?" हे रोज एकदा. लेकीचा फोन येतो तेव्हा "बाबा झोपलेत" असं सांगितलं जातं. पासबुक "हरवू नये म्हणून" दुसऱ्या कपाटात जातं. जुना मित्र भेटायला आला की "दमतील ते" म्हणून दहा मिनिटांत उठवला जातो. डॉक्टरांकडे नेणारं एकच माणूस, गोळ्या देणारं तेच माणूस, डायपर बदलणारंही तेच. मग एके दिवशी तेच माणूस कागद पुढे करतं. त्या क्षणी नाही म्हणण्याची किंमत त्या म्हाताऱ्या जिवाला पक्की ठाऊक असते. दुपारी पाणी कोण देणार?

बँकेच्या काउंटरवर मी हे शेकड्यांनी पाहिलं आहे. पेन्शनच्या दिवशी आजी येतात, त्यांच्यासोबत कुणीतरी असतं. मी आजींना विचारते, "किती काढायचे?" उत्तर सोबतचा माणूस देतो. आजी पैसे मोजत नाहीत, पाकीट आपोआप शेजारच्या हातात जातं. एकदा एका आजींना मी सही जुळत नाही असं सांगून आत बोलावून घेतलं आणि एकटीला बसवलं. पाण्याचा ग्लास हातात दिल्यावर त्या म्हणाल्या, "बाई, पन्नास रुपये माझ्याकडे राहू दे, देवळात घालायला." त्यांच्याच खात्यातले पन्नास रुपये. हे पेन्शनच्या पैशांत घडतं तर घराच्या सातबाऱ्यात घडणार नाही?

आता दुसरी बाजू. ती मांडल्याशिवाय हा विषय अर्धवट राहील, आणि माझ्या मते ती बाजू तितकीच खरी आहे. म्हाताऱ्या माणसांचं करणं ही आज आपल्या घरांतली सर्वात जड नोकरी आहे आणि तिला पगार नाही. ती बहुतेक वेळा सुनेच्या, अविवाहित मुलीच्या किंवा गावातच राहिलेल्या एका मुलाच्या वाट्याला येते. बाकीचे पुण्यात, बंगळुरूत, न्यू जर्सीत असतात. ते व्हिडिओ कॉल करतात, औषधांचे पैसे पाठवतात, आणि माणूस गेल्यावर तेराव्याला येऊन विचारतात, "मृत्युपत्र कधी केलं? आम्हाला का नाही सांगितलं?" ज्यानं रात्री उठून कूस बदलवली त्याला आईनं घर लिहून दिलं, तर तिच्या मनावर कुणी पगडा बसवला असं म्हणणं हा त्या माणसाचाही अपमान आहे आणि आईचाही. तिचं डोकं शाबूत होतं, तिला हिशेब कळत होता, तिनं तो केला. आपल्या कमाईचं काय करायचं हे ठरवण्याचा हक्क म्हातारपणी काढून घ्यायचा असेल तर मग म्हातारपण म्हणजे कैदच.

म्हणून सेवा करणाऱ्या माणसावर संशय घेऊन हा प्रश्न सुटणार नाही. उलट आज त्यालाच सर्वात जास्त त्रास होतो. सही झाली तेव्हा तोच घरात होता, वकिलाकडे त्यानंच नेलं, रिक्षाचे पैसे त्यानंच दिले. न्यायालयाच्या भाषेत यालाच "पुढाकार" म्हणतात आणि नेमकं तेच संशयाचं कारण ठरतं. प्रामाणिक सेवा आणि डाव, दोन्ही कागदावर सारखेच दिसतात. त्यांच्यात फरक करणारा पुरावा एकाच वेळी निर्माण होऊ शकतो, तो माणूस जिवंत असताना, त्याला एकट्याला विचारून. आणि नेमका तोच पुरावा आपला कायदा मागत नाही.

आणखी एक ओळ आहे, मराठी मृत्युपत्रांत वारंवार दिसणारी: "माझ्या मुलींची लग्ने मी करून दिली असून त्या आपापल्या घरी सुखी आहेत, सबब त्यांना काही देण्याची मला आवश्यकता वाटत नाही." माझ्या आईच्या पिढीत ही ओळ कुणाला खटकत नसे. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना जन्मतः हक्क दिला, केंद्रानं २००५ मध्ये तो देशभर दिला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की २००५ ची दुरुस्ती आली तेव्हा वडील हयात असण्याचीही गरज नाही. समोरच्या दारानं एवढं सगळं आलं. मागचं दार मात्र उघडंच राहिलं. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ३० नं बापाला स्वतःचा हिस्सा मृत्युपत्रानं कुणालाही देता येतो, आणि स्वकष्टार्जित तर पूर्णच. मग हक्कसोडपत्रावर बहिणीची सही मिळाली नाही, की वडिलांच्या मृत्युपत्राची आठवण होते. ती ओळ खरंच वडिलांच्या मनातली असेल तर कायदा ती मानेल, मानावीही लागेल. पण मी काउंटरवर मुलींबद्दल बोलणारे बाप ऐकलेत. "लेकीला काही ठेवायचंय, मुलाला कळू देऊ नका," असं सांगून वेगळी मुदत ठेव करणारे बाप मी पाहिलेत. त्यांच्या मृत्युपत्रातही बहुधा तीच ओळ असेल.

वगळण्याचं कारण लिहिलेलं नसणं हा संशयाचा मुद्दा होऊ शकतो, हे जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पंजाबातल्या एका प्रकरणात पुन्हा सांगितलं. त्या मृत्युपत्रात सगळं पुतण्याला होतं आणि हयात बायकोचा साधा उल्लेखही नव्हता. जी स्त्री शेवटपर्यंत त्याच घरात होती तिचं नावसुद्धा कागदावर येऊ नये, म्हणजे कागद कुणाच्या डोक्यातून उतरला, हा प्रश्न न्यायालयाला पडला. योग्यच पडला.

काही जण म्हणतात, एवढं कशाला, रजिस्टर केलं की झालं. मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे, त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही, साध्या कागदावरही ते चालतं. बरेच लोक तरी नोंदणी करतात, आणि करावी असंच मीही सांगते. पण त्याचा अर्थ समजून करावी. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात फोटो निघतो, अंगठा घेतला जातो, "सही तुमचीच ना?" असं विचारलं जातं. रांगेत मागे खरेदीखतवाले खोळंबलेले असतात. आजोबा खुर्चीत, मुलगा खुर्चीमागे. "हो," आजोबा म्हणतात. सही त्यांचीच असते, तो प्रश्नच नव्हता. नोंदणी झाली म्हणजे संशय संपला असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९६२ मध्येच एका निकालात सांगून ठेवलंय. अधिकाऱ्यानं मजकूर समजलाय का याची खातरजमा न करता नुसता शिक्का मारला असेल तर त्या शिक्क्यानं काही सिद्ध होत नाही.

आणि मृत्युपत्राची आणखी एक गंमत नसलेली गोष्ट: ते कितीही वेळा बदलता येतं आणि शेवटचं टिकतं. करणाऱ्यासाठी हे मोठं स्वातंत्र्य आहे. पण त्याचा परिणाम असा, की शेवटच्या महिन्यात जो खाटेजवळ असतो त्याच्या हातात सगळे पत्ते असतात. पाच वर्षांपूर्वी शांत डोक्यानं, चार जणांशी बोलून केलेलं मृत्युपत्र आयसीयूतून घरी आणल्यानंतरच्या आठवड्यात एका पानानं पुसलं जातं. जिवंतपणी केलेल्या बक्षीसपत्राला निदान काही कुंपण आहे. समोरच्याच्या मनावर ताबा असलेल्या माणसानं अन्याय्य व्यवहार करून घेतला तर दडपण नव्हतं हे करार कायद्याच्या कलम १६ प्रमाणे त्यालाच सिद्ध करावं लागतं. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेलं घर अट मोडल्यास परत मिळवण्याची सोय आहे, आणि जानेवारी २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ती उदारपणे वाचली. मृत्युपत्रात दडपणाचा आरोप सिद्ध करायचं ओझं आरोप करणाऱ्यावर पडतं. तो बिचारा बहुतेक वेळा त्या दिवशी शेकडो मैल दूर असतो. बंद खोलीत काय झालं ते त्यानं सिद्ध करायचं, कशावरून?

मोठ्या घरांतही हेच होतं, फक्त त्याच्या बातम्या होतात. बाळासाहेब ठाकरे नोव्हेंबर २०१२ मध्ये गेले. त्यांच्या मृत्युपत्राला एका मुलानं मुंबई उच्च न्यायालयात दिलेलं आव्हान नोव्हेंबर २०१८ मध्ये मागे घेतलं गेलं, त्यामुळे त्यातल्या आरोपांवर निकाल लागायचा प्रश्न उरला नाही. पण जवळजवळ सहा वर्षं एका बापाची शुद्ध, आजारपण, घरातली बोलणी हे सगळं भर न्यायालयात उकललं गेलं. फरिदकोटचे राजे १९८९ मध्ये गेले, त्यांचं म्हणून दाखवलेलं मृत्युपत्र बनावट असल्यावर सर्वोच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब व्हायला २०२२ उजाडलं. तेहतीस वर्षं. त्यांना वकील परवडतात. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांच्या मुलीनं वकिलाची फी भरायला पाटल्या मोडल्या होत्या.

तर मग करायचं काय? माझं म्हणणं एका वाक्यात सांगता येईल. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे, त्यानं आणि त्याच्या नवऱ्यानं किंवा बायकोनं सहीच्या वेळी त्या खोलीत असू नये, आणि साक्षीदारांनी किंवा निबंधकानं करणाऱ्याला एकट्यात मजकूर वाचून दाखवून तो त्याच्या शब्दांत परत सांगायला लावावा, हे कायद्यातच लिहावं. नुसतं "हो" चालणार नाही. "घर धाकट्याला, कारण..." असं त्याच्या तोंडून आलं पाहिजे. निबंधकाकडे कॅमेरा आत्ताही असतो, त्यावर फोटोऐवजी ती पाच मिनिटं टिपता येतील. आजारी माणसासाठी निबंधक घरी येऊ शकतो, ही सोय १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहेच. मृत्युपत्र सीलबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याची सोयही आहे आणि ती फारच थोड्यांना माहीत आहे.

आणखी एक छोटी दुरुस्ती तर कित्येक दशकं खोळंबली आहे. याच उत्तराधिकार कायद्यात कलम ६७ आहे. साक्षीदारालाच किंवा त्याच्या जोडीदाराला मृत्युपत्रातून काही दिलं असेल तर ते देणं रद्द होतं. किती शहाणपणाची तरतूद! पण हे कलम हिंदूंच्या मृत्युपत्रांना लागू केलेल्या कलमांच्या यादीत नाही. ख्रिस्ती आणि पारशी घरांत जे चालत नाही ते आपल्याकडे चालतं. ते लागू करायला कुणाच्या धर्माला धक्का लागणार आहे?

शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासून वेगळीच घडी आहे. मुलं असतील तर आपल्या मालमत्तेतला अर्धाच भाग मृत्युपत्रानं हवा तसा देता येतो, उरलेला अर्धा मुलांचा, मुलगा-मुलगी सारखेच. मृत्युपत्र अधिकृत नोटरीसमोर, त्याच्या वहीत नोंदवलं जातं. मुस्लिम कायद्यातही मृत्युपत्रानं देण्यावर एक तृतीयांशाची मर्यादा आहे. अशा ठिकाणी भांडणं होत नाहीत असं मी म्हणणार नाही, गोव्यात वाटणीचे दावे वर्षानुवर्षं चालतात. पण जिथे कुणाला पूर्णपणे पुसून टाकताच येत नाही तिथे म्हाताऱ्या माणसाच्या मागे हात धुऊन लागण्यात फायदाही कमी. महाराष्ट्रात असं बंधन यावं का? मी दोन्हीकडून विचार केला आहे. मला वाटतं येऊ नये. सेवा करणाऱ्या मुलीला सगळं देण्याचा आईचा हक्क मला राखायचा आहे. पण तो हक्क राखायचा तर तो खरोखर तिचाच आहे, हे तपासण्याची किंमत आपण मोजली पाहिजे.

खेड्यात हे कसं जमेल, असं कुणी विचारेल. तलाठी वारस नोंदीसाठी कागद मागतो, तालुक्याचं गाव चाळीस किलोमीटर, साक्षीदार म्हणजे शेजारचाच. बरोबर आहे. म्हणूनच मी नोंदणी सक्तीची करा असं म्हणत नाही. सहीच्या वेळी खोली रिकामी करायला मात्र तालुक्याला जावं लागत नाही. शेजाऱ्याला फक्त हे ठाऊक असलं पाहिजे, की आपण तिथे अंगठा पाहायला आलेलो नाही.

गेल्या माघात पलीकडच्या गल्लीतल्या एका आजींच्या मुलानं मला पुन्हा साक्षीदार म्हणून बोलावलं. मी म्हटलं, येते, पण तुम्ही आणि वहिनी अर्धा तास बाहेर जा. त्याचा चेहरा उतरला. मग म्हणाला, "ठीक आहे ताई, दूध आणायचंच आहे." दार लागलं. दुसरे साक्षीदार माझे बँकेतले जुने सहकारी. आजींचा चष्मा मी आधी शोधून त्यांच्या हातात दिला. मग मृत्युपत्र मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. घर मुलाला, ठीक. बँकेतली ठेव नातवाच्या शिक्षणाला, ठीक, त्यांनी त्याचं कारणही सांगितलं. मग ती ओळ आली, मुलींची लग्ने करून दिली असून. आजींनी हात वर केला.

"हे मी कधी सांगितलं?"

"वकिलांनी लिहिलं असेल," मी म्हटलं.

"खोड ते," आजी म्हणाल्या. "घर मुलालाच दे. पण लेकीला काही द्यायची गरज वाटत नाही असं माझ्या नावानं लिहू नकोस. माझ्या चार बांगड्या आहेत त्या तिच्या, एवढं लिही."

सहकाऱ्यांनी घड्याळात पाहिलं. बाहेर जिन्यात दुधाच्या पिशवीचा आवाज आला. मी त्याला आतून सांगितलं, अजून दहा मिनिटं थांब, हे पान पुन्हा टाइप करून आणावं लागेल.